जुन्या अँबॅसॅडरला दोन कार्बोरेटर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या आमच्या शेडसमोर माझ्या अँबॅसॅडरचं बॉनेट उघडं दिसलं की रस्त्यानं जाणारा माणूस थांबतो. आत वाकून बघतो आणि पहिलं वाक्य ठरलेलं: "ह्ये दोन कशाला?" मग एकामागून एक तेच प्रश्न येतात. काही फोनवर, काही चहाच्या टपरीवर, काही थेट गाडी घेऊन. उत्तरं देऊन घसा बसला, म्हणून एकदाची लिहून काढतोय. मी धंद्यानं मेकॅनिक नाही. हात काळे करायची हौस आहे, आणि शिकवायला एक जुने मिस्त्री लाभले. सांगतोय ते मुख्यतः 1489 सीसीच्या पेट्रोल अँबॅसॅडरबद्दल, कारण माझे हात तिच्यावरच भाजले.

दोन कार्बोरेटर बसवले की गाडी डबल पळंल का?

नाही. हा प्रश्न इतक्या वेळा येतो की उत्तर शेडच्या दारावर रंगवायला हवं. कार्बोरेटर ताकद तयार करत नाही. इंजिन जितकी हवा ओढतं, तितक्या हवेत तो पेट्रोल मिसळून देतो. हिशेब साधा आहे. चार स्ट्रोकचं 1489 सीसी इंजिन दोन फेऱ्यांत एकदा पूर्ण भरतं. 5000 आरपीएमला 1.489 गुणिले 5000 भागिले 2, म्हणजे मिनिटाला साधारण 3720 लिटर हवा. प्रत्यक्षात सिलिंडर पूर्ण भरत नाहीत. ऐंशी टक्के धरले तर तीन हजार लिटरच्या आतबाहेर. एवढी हवा एका लहान कार्बोरेटरमधून ओढायची तर वरच्या आरपीएमला इंजिनाला धाप लागते. दुसरं नाक दिलं की ती धाप कमी होते, बस. सात रस्त्याच्या गर्दीत दुसऱ्या गिअरमध्ये चालताना फरक जवळजवळ शून्य. फरक कळतो तो तुळजापूर रोडला, तिसऱ्या गिअरमध्ये पाय दाबून ओव्हरटेक करताना.

मग अँबॅसॅडरलाच का? तिच्यात काय खास?

खास तिच्या हेडमध्ये आहे. हे इंजिन म्हणजे इंग्लंडच्या ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनची (बीएमसी) बी-सिरीज. सिलिंडर चार, पण हेडमध्ये हवा आत यायची दारं दोनच. एक दार 1 आणि 2 नंबरच्या सिलिंडरला, दुसरं 3 आणि 4 ला. बाहेर जायची दारं तीन: दोन्ही टोकांना एकेक आणि मधल्या दोघांत मिळून एक. अशी पाच.

आता फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटायचा क्रम बघा: 1-3-4-2. इनटेक, म्हणजे हवा ओढणंही, त्याच क्रमानं होतो. म्हणजे 3 आणि 4 पाठोपाठ एकाच दारातून ओढतात, मग 2 आणि 1 पाठोपाठ दुसऱ्या दारातून. एका घरात दोन भाऊ आणि एकच ताट, पहिल्याचा घास संपायच्या आत दुसऱ्याचा हात आलेला. मधोमध एकच कार्बोरेटर असला की वाटणीत खेचाखेच होते. प्रत्येक दारासमोर एकेक कार्बोरेटर दिला की वाट आखूड आणि सरळ होते. हेडमध्येच सामायिक असलेल्या दाराचं भांडण दोन कार्बोरेटरनंही पूर्ण मिटत नाही, हे मात्र खरं.

शिवाय हा शोध आमचा नाही. एमजीए ही स्पोर्ट्स कार 1955 ला आली ती याच 1489 सीसीवर, दीड इंच तोंडाचे दोन एस.यू. (हा कार्बोरेटरचा ब्रिटिश मेक) लावून. सुरुवातीला 68 आणि नंतर 72 अश्वशक्ती. एमजी मॅग्नेट ही त्याच काळातली चार दारांची गाडी, तिच्या सुरुवातीच्या मॉडेलवर सव्वा इंची दोन होते. म्हणजे आपल्या अँबॅसॅडरच्या सख्ख्या चुलत बहिणी कारखान्यातूनच जोडीनं आलेल्या.

म्हणजे मलाही 68 अश्वशक्ती मिळणार?

नाही हो. एमजीएचा कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) वेगळा, कॉम्प्रेशन 8.3 ला 1. आपल्या गाडीचं कॉम्प्रेशन त्याहून कमी. नुसते कार्बोरेटर उचलून आणले म्हणून बाकीचं घराणं पाठोपाठ येत नाही. गाडी मोकळी चालते, वर खेचायला हलकी होते. आकडा विचाराल तर मी देणार नाही, कारण मी डायनोवर, म्हणजे ताकद मोजायच्या यंत्रावर, मोजलेला नाही.

सव्वा इंची घ्यावे की दीड इंची?

रोजची गाडी असेल तर सव्वा इंची. मोठं तोंड म्हणजे जास्त ताकद, हा समज बुलेटवाल्यांकडून आलाय. कमी आरपीएमला हवेचा वेग राहिला तर पेट्रोल नीट फुटतं. एस.यू.त पिस्टन आपोआप वरखाली होऊन तोंड लहानमोठं करतो, त्यामुळे दीड इंचीही चालून जातात. माझ्यावर दीड इंचीच आहेत, कारण मिळाले तेच. पुन्हा घ्यायची वेळ आली तर सव्वा इंची घेईन.

तीन किंवा चार लावले तर?

दारं दोन, पाहुणे चार. कशाला? जॅग्वार ई-टाइपला दोन इंची तीन एस.यू. होते, पण ते सहा सिलिंडरचं 3.8 लिटरचं इंजिन. अमेरिकन व्ही-8 ला तीन कार्बोरेटर ओळीत लावायची फॅशन होती. पाँटिॲकनं 1957 ते 1966 पर्यंत ते कारखान्यातून दिले. तिथं मधला एकटा रोजचं काम करतो आणि पाय पूर्ण दाबला की कडेचे दोन उघडतात. तिथं तिन्हींचा माल एकाच मॅनिफोल्डमधून, म्हणजे वाटणीच्या नळ्यांच्या संचातून, सगळ्या सिलिंडरना जातो म्हणून हे जमतं. ते बघून एका ओळखीच्या मुलानं अँबॅसॅडरचा दुसरा कार्बोरेटर उशिरा उघडेल असं लिंकेज केलं. आपल्याकडे प्रत्येक कार्बोरेटर आपल्या दोन सिलिंडरचा मालक. एक बंद ठेवला की दोन सिलिंडर उपाशी. गाडी ट्रॅक्टरसारखी हलायला लागली. आपल्या जोडीत दोन्ही एकाच क्षणी, एकाच मापानं उघडले पाहिजेत.

वेबरचा 45 डीसीओई हा आडवा, दोन तोंडांचा कार्बोरेटरही बी-सिरीजवर बसवतात. एका अंगात दोन गळे, एकेका दाराला एकेक. आवाज असा की ऐकत बसावं. पण जेट, इमल्शन ट्यूब, चोक यांचा सगळा संच हाताशी ठेवावा लागतो. एस.यू.त एक नट फिरवून जे होतं त्याला तिथं चार पितळी तुकडे बदलावे लागतात.

पद्मिनीला, जीपला चालेल का?

पद्मिनीचं 1089 सीसी फियाट घराण्यातलं. एमजीचा मॅनिफोल्ड त्यावर बसत नाही. जुन्या महिंद्रा सीजे-3बी जीपचं हरिकेन इंजिन तर इनटेकचा मार्ग हेडमध्येच ओतून आलेलं, कार्बोरेटर वरून हेडवरच बसतो. त्याला दुसरा लावायचा म्हणजे हेडच कापायला घ्या. आणि उशिराच्या अँबॅसॅडरमधलं 1817 सीसी इसुझू इंजिन ही पूर्ण वेगळी जात, यातलं काही त्याला लागू नाही.

बुलेटचे दोन कार्बोरेटर लावले तर स्वस्तात पडेल ना?

बुलेटच्या जुन्या कार्बोरेटरमध्ये स्लाइड केबलनं थेट वर ओढली जाते. एस.यू.त पिस्टन इंजिनच्या ओढीनं, लागेल तेवढाच उठतो. शिवाय मोटरसायकलला पेट्रोल टाकीतून उतरणीनं येतं आणि कारला पंप ढकलतो. पंपाच्या दाबानं कार्बोरेटरच्या फ्लोट चेंबरमध्ये (छोट्या टाकीत) पेट्रोल अडवणारी बारीक फ्लोट नीडल उघडी पडते आणि पेट्रोल बाहेर. स्वस्त पडेल, एकदाच.

बॉनेटखाली जागा पुरते का? बॉनेट कापावं लागतं का?

कापू नका. अँबॅसॅडरचं बॉनेट म्हणजे वाड्याचं माळवद, वर जागाच जागा. अडचण येते ती कडेला, एअर क्लीनर आणि आतल्या मडगार्डच्या मध्ये. आणि ती गाडीगणिक वेगळी असते, कारण या गाड्यांत कुणी हॉर्न हलवलाय, कुणी बॅटरी, कुणी गॅसचं किट बसवून काढलंय.

माप घ्यायची माझी पद्धत सांगतो. घरून गव्हाच्या कणकेचा लिंबाएवढा गोळा आणायचा. पापुद्र्यासारखं प्लॅस्टिक लावून एअर क्लीनरवर आणि डॅशपॉटच्या (कार्बोरेटरवरच्या पिस्टनच्या डब्याच्या) टोपीवर ठेवायचा, बॉनेट हळू बंद करायचं, उघडायचं आणि दबलेल्या कणकेची जाडी मोजायची. तसंच कडेला. अर्धा इंच तरी उरला पाहिजे, कारण इंजिन रबरी माउंटिंगवर डोलतं. उभ्या गाडीत न लागणारी वस्तू क्लच सोडताना लागते. पहिल्यांदा मी ज्वारीच्या पिठाचा गोळा नेला होता, घरात तेच मळलेलं होतं. दाबला की चिरतो, माप देत नाही. भाकरी मंगळवेढ्याच्या ज्वारीची, माप मात्र गव्हाचं. बायको अजून विचारते, "आज गाडीला पोळी की भाकरी?"

मॅनिफोल्ड बसवताना काय चुकतं?

एक चूक नव्वद टक्के लोक करतात आणि मीही केली. या इंजिनात इनटेक आणि एक्झॉस्ट दोन्ही एकाच बाजूला, एकमेकांना खेटून. मधल्या स्टडवर एक जाड मोठा वॉशर बसतो. त्याचा अर्धा भाग इनटेकची कड दाबतो, अर्धा एक्झॉस्टची. एमजीचा इनटेक आणि आपला जुना एक्झॉस्ट यांच्या कडांची जाडी सारखी नसेल तर वॉशर तिरपा बसतो आणि पातळ कड सैल राहते. नट कितीही आवळा. तिथून हवा घेतली की स्लो स्पीड (पाय न दाबता इंजिन फिरायचा वेग) कधीच स्थिर राहत नाही, आणि तुम्ही आठवडाभर कार्बोरेटरला शिव्या देत बसता. दोन्ही कडांवर स्टीलची पट्टी ठेवून बघा. फरक दिसला तर जाड कड लेथवर घासून घ्या किंवा वॉशरला पायरी करून घ्या.

मूळ गाडीत दोन्ही मॅनिफोल्ड मध्यभागी बोल्टनं जोडलेले असतील तर ते सुटे केल्यावर एक्झॉस्टवर उघडं तोंड राहतं. त्यावर पट्टी आणि पॅकिंग घालून ते बंद करायचं राहून जातं, मग फटफट आवाज. दोन कार्बोरेटरच्या मॅनिफोल्डमधली बॅलन्स पाइप मात्र बंद करू नका. एकाची ओढ दुसऱ्यापर्यंत पोचवून गाडी स्लोला सरळ ठेवते ती तीच.

सेकंडहँड जोडी घेताना काय पाहावं?

ती खरंच जोडी आहे का, हे. मी घेतलेली "जोडी" म्हणजे दोन वेगळ्या गाड्यांचे विधुर निघाले. विकणाऱ्याचं नाव नको. बाहेरून दोन्ही सारखे, पॉलिश करून चकचकीत. तीन महिने गाडी चालवली आणि पिकअप कधी बरा, कधी वाईट. शेवटी मिस्त्रींनी चारही प्लग काढून जुन्या चादरीच्या तुकड्यावर ओळीनं मांडले. 1 आणि 2 काजळीनं काळे, 3 आणि 4 पांढुरके, भाजल्यासारखे. काही न बोलता त्यांनी दोन्ही डॅशपॉट उघडले आणि पिस्टनमधल्या नीडल, म्हणजे जेटमधून किती पेट्रोल सुटेल ते ठरवणाऱ्या सुया, माझ्या तळहातावर ठेवल्या. मुळाशी कोरलेली अक्षरं वेगळी. एक जाड, एक बारीक. भिंगाशिवाय दिसत नाहीत, पण इंजिनाला तीन महिने दिसत होत्या.

तेव्हा नीडलचे क्रमांक सारखे पाहा. पिस्टनच्या स्प्रिंगच्या टोकाचा रंग पाहा: निळी अडीच औंसाची, लाल साडेचार, पिवळी आठ, हिरवी बारा. दोन्हींत एकच रंग हवा. बटरफ्लायची (हवेच्या झडपेची) दांडी बोटानं हलवून पाहा, खडखडली तर तिथून हवा घेणार. दांडी झिजलेली असली म्हणून माल टाकून देऊ नका. आपल्या गावात लूमचे (यंत्रमागाचे) पार्ट करणारे टर्नर आहेत, इंचाच्या दोन हजारांशाचा फरक बोटानं सांगतात. त्यांच्याकडून पितळी बुश घालून घ्या. माझे दोन्ही तसेच वाचले.

उघडून साफ करताना काळजी काय?

दोन ताटं घ्या. एका कार्बोरेटरचे भाग एका ताटात, दुसऱ्याचे दुसऱ्यात. पिस्टन आणि त्यावरची टोपी कारखान्यात जुळवून बसवलेली असतात, अदलाबदल केली की अडकतात. पॉलिश पेपर लावू नका, नुसतं पेट्रोल आणि मऊ कापड. बसवल्यावर वरचा डॅम्पर काढून पिस्टन बोटानं उचला आणि सोडा. खाली "टक्" असा स्वच्छ धातूचा आवाज आला पाहिजे. घासत, कुरकुरत आला तर नीडल जेटला घासतेय. जेटचा मोठा नट सैल करून पिस्टन खाली दाबलेला असताना जेट मधोमध येऊ द्या, मग आवळा. चारपाच वेळा करावं लागतं. चिडू नका.

जुन्या एच प्रकारच्या एस.यू.त फ्लोटची लेव्हल बघायला मी अकरा मिलिमीटरचा ड्रिल बिट वापरतो. झाकण उलटं धरून तो काट्याखाली सरकवायचा, नीडल बंद असताना काटा बिटला टेकला पाहिजे.

डॅशपॉटमध्ये कुठलं तेल?

एसएई 20 चं साधं इंजिन ऑइल, पिस्टनच्या पोकळ दांड्याच्या वर अर्ध्या इंचापर्यंत. एकानं लूमचं पातळ तेल घातलं. पाय दाबला की गाडी आधी गचकायची, मग पळायची. तेल घट्ट असतं म्हणून पाय दाबल्यावर पिस्टन क्षणभर मागं राहतो आणि तेवढा वेळ मिक्श्चर थोडं रिच, म्हणजे जास्त पेट्रोलचं, मिळतं. या तेलाचं काम तेवढंच. पण न घालता चालवणारेही भेटलेत.

ट्यूनिंग नेमकं कसं करतात?

कार्बोरेटरला हात लावायच्या आधी टॅपेट, सीबी पॉइंटचा (ठिणगी तोडणाऱ्या टोकांचा) गॅप (0.015 इंच), टायमिंग, प्लग आणि कॉम्प्रेशन बघून घ्या. अर्ध्या तक्रारी तिथंच मरतात. मग इंजिन चांगलं गरम करा.

पहिलं काम हवा सारखी करणं. दोन्ही कार्बोरेटरना जोडणाऱ्या दांडीचे क्लॅम्प सैल करा, म्हणजे प्रत्येकाचा थ्रॉटल (तीच हवेची झडप) स्वतंत्र झाला. हातभर रबरी नळी घ्या, एक टोक कानाला, दुसरं कार्बोरेटरच्या तोंडाच्या कडेला. "स्स्स" असा आवाज येतो. पुढच्याचा ऐका, मागच्याचा ऐका, दोन्ही तोंडांशी नळी एकाच जागी धरा. ज्याचा आवाज मोठा त्याचा स्क्रू किंचित मागे घ्या, दुसऱ्याचा तेवढाच पुढे. हवा मोजायचं यंत्र मिळतं, पण मिस्त्रींचा कान त्याहून आधीचा आणि त्याला सेल लागत नाही.

दुसरं काम पेट्रोल. जेटचा नट पूर्ण वर घेऊन तिथून बारा चपट्या बाजू, म्हणजे दोन पूर्ण फेऱ्या, खाली. ही सुरुवात. मग कार्बोरेटरखालच्या पिननं पिस्टन अगदी थोडा, मिलिमीटरभर, उचलायचा. इंजिन वेगात गेलं आणि तसंच राहिलं तर पेट्रोल जास्त. अडखळून बंद पडायला लागलं तर कमी. क्षणभर जरा वाढून पुन्हा जागेवर आलं तर बरोबर. एका वेळी एकच बाजू फिरवा. दोन्ही कार्बोरेटरचं स्वतंत्र करा, आणि दुसऱ्याचं झालं की पहिल्याकडे परत या, कारण एक बदलला की दुसरा थोडा हलतोच.

शेवटी क्लॅम्प आवळताना दोन्ही थ्रॉटल आपापल्या स्क्रूवर टेकलेले आहेत याची खात्री करा आणि केबल ओढून दोन्ही एकदम सुटतात का ते पाहा. रिटर्न स्प्रिंग दोन्हींना स्वतंत्र. एक तुटली तर दुसरी आहे.

सगळं बरोबर केलं तरी पिस्टन उठतच नाही. का?

एअर क्लीनरचं पॅकिंग उलटं बसलंय. कार्बोरेटरच्या तोंडाच्या कडेला दोन बारीक भोकं असतात. पिस्टनच्या खालच्या बाजूला बाहेरची हवा देणारी ती भोकं. पॅकिंगला आणि क्लीनरच्या पाठीला त्यासाठी जुळती भोकं असतात. पॅकिंग उलटं लावलं की ती झाकली जातात आणि पिस्टन उठायला नाखूश. माझे दोन दिवस यात गेले. क्लीनर काढला की गाडी फर्स्ट क्लास, लावला की मेलेली. मी क्लीनरला दोष देऊन नवीन आणायला निघालो होतो.

एअर क्लीनर काढूनच टाकला तर? आवाज भारी येतो.

आवाज येतो, खरंय. पण सोलापूरची धूळ आणि त्यात लूमच्या टॉवेलची रुई. आमच्या भागात महिनाभरात फिल्टरच्या जाळीवर पांढरी लव धरते, बोटानं ओढली तर वात वळता येईल. ती सिलिंडरात जाऊ द्यायची?

उन्हाळ्यात गाडी बंद केल्यावर परत चालू होत नाही. हे दोन कार्बोरेटरमुळे?

अंशतः. दोन्ही कार्बोरेटर थेट एक्झॉस्टच्या वर लटकतात. मे महिन्यात बाहेर 42, बॉनेटखाली किती ते विचारू नका. गाडी बंद केली की पंखा थांबतो, एक्झॉस्टची धग वर चढते, फ्लोट चेंबरमधलं पेट्रोल उकळून मॅनिफोल्डमध्ये सांडतं. मग स्टार्टर मारत बसा. उपाय दोन: मॅनिफोल्ड आणि कार्बोरेटरच्या मध्ये बेकलाइटचा जाड ठोकळा, आणि दोन्हींच्या खाली ॲल्युमिनियमच्या पत्र्याची ढाल. जुनं ॲस्बेस्टॉस वापरू नका, ते फुप्फुसाला वाईट. मी पत्रा मॅनिफोल्डच्या स्टडवरच धरलाय, दोन इंच बाहेर काढून खाली वळवलाय. तरीही पार्क चौकात दुपारी दोनला बंद केली तर चालू करताना पाय अर्धा दाबून स्टार्टर मारतो. पंप करायचा नाही. एस.यू.त ॲक्सिलरेटर पंप नसतोच, पाय आपटून काही मिळत नाही.

इथेनॉलच्या पेट्रोलनं काही बिघडतं का?

हा प्रश्न सोलापूरकरानं विचारावा यात गंमत आहे, जिल्हा ऊस आणि साखर कारखान्यांचा. आता पंपावर 20 टक्के इथेनॉलचंच पेट्रोल. याचे परिणाम तीन. एक, जुना रबर, कॉर्क आणि डायफ्रॅम फुगतात, भुगा होतात. दोन, मिक्श्चर लीन, म्हणजे पेट्रोलला कमी, पडतं. साध्या पेट्रोलला हवा-पेट्रोलचं नेमकं प्रमाण 14.7 ला 1, इथे साधारण साडेतेराला 1. एस.यू.त जेटचा नट एकदोन बाजू खाली केला की काम भागतं, फारच फरक असेल तर नीडल बदला. तीन, गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली तर इथेनॉल पाणी ओढतं. उभी करायच्या आधी चेंबर रिकामे करून ठेवा.

पहिल्या परिणामाचा अनुभव महागात पडला. "इथेनॉलला चालतो" असं सांगून एका दुकानातून पेट्रोलचा होज घेतला. पाच महिन्यांनी सात रस्त्याच्या सिग्नलला पेट्रोलचा उग्र वास आला. बॉनेट उघडलं तर मागच्या चेंबरच्या ओव्हरफ्लोमधून थेंब थेंब, खाली एक्झॉस्ट. इंजिन बंद केलं, बॅटरीची तार काढली आणि रस्त्याच्या कडेला बसून राहिलो. चेंबर उघडल्यावर फ्लोट नीडलखाली मोहरीएवढा काळा रबराचा कण सापडला. होज आतून सोलला होता. तेव्हापासून इथेनॉलचा छाप बघूनच होज घेतो, चेंबरच्या आधी बारीक फिल्टर ठेवलाय, ओव्हरफ्लोच्या नळ्या एक्झॉस्टपासून लांब, खाली रस्त्याकडे सोडल्यात, आणि पुढच्या सीटखाली आग विझवायचा सिलिंडर. पहिले दोन नाही केले तरी शेवटचे दोन कराच.

पंपाचा दाबही बघा. एस.यू.ला दीड ते अडीच पीएसआय पुरे. जास्त दाबाचा इलेक्ट्रिक पंप लावणार असाल तर रेग्युलेटर हवाच.

ॲव्हरेज किती पडतं?

पायावर आहे. शांत चालवली तर आधीसारखंच. पण दोन तोंडांचा आवाज ऐकला की पाय शांत राहत नाही.

आरटीओ आणि व्हिंटेज नोंदणीचं काय?

इथे थांबून विचार करा. जुलै 2021 च्या केंद्रीय नियमांनुसार व्हिंटेज म्हणजे 50 वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात जपलेली दुचाकी किंवा चारचाकी. चॅसिस, बॉडी किंवा इंजिनमध्ये मोठा बदल झालेला नसावा. नोंदणीत व्हीए ही अक्षरं येतात, नोंदणी दहा वर्षांची, नव्या नोंदणीची फी 20,000 रुपये, फेरनोंदणीची 5,000. आणि अशी गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला रस्त्यावर आणता येत नाही. तुमची गाडी त्या वाटेनं जाणार असेल तर मूळ कार्बोरेटर आणि मॅनिफोल्ड कापडात गुंडाळून, तेल लावून पेटीत ठेवा आणि काम असं करा की एका दिवसात परत मूळ रूपात आणता येईल. हेडला नवीन भोक नाही, मडगार्ड कापणं नाही. मी तसंच केलंय. माझी गाडी एमएच-13 ची साध्या नोंदणीची आहे, तरीही मोटार वाहन कायद्याचं कलम 52 सगळ्यांनाच लागू. आरसीवरच्या तपशिलात फरक पडेल असा बदल परवानगीशिवाय चालत नाही. आरटीओत आधी विचारून घ्या, विम्यालाही कळवा.

पी.यू.सी.ला अशा जुन्या पेट्रोल कारला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा तीन टक्के. ट्यूनिंग नीट असेल तर पास होते. नसेल तर तो आकडा तुमच्या कानापेक्षा प्रामाणिक.

पुणे हायवेला शंभरनं चालवता येईल?

चालेल, पण थांबेल का? जुन्या अँबॅसॅडरला चारही बाजूला ड्रम ब्रेक. आधी ब्रेकचे लायनिंग, सिलिंडर, होज, मग स्टिअरिंगचे सांधे आणि टायर. हे सगळं झाल्यावर पैसे उरले तर कार्बोरेटर.

तुम्ही आमच्या गाडीचं ट्यूनिंग करून द्याल का? कधी आणू?

धंदा नाही, पण या. वेळ मात्र मी सांगू शकत नाही. शेडच्या भिंतीपलीकडे सोळा लूम आहेत. खटखट चालू असली की नळीतला "स्स्स" ऐकूच येत नाही. पुढचा आणि मागचा दोन्ही सारखेच वाटतात. त्यामुळे गाडी सकाळीच आणून गरम करून ठेवायची, क्लॅम्प सैल करून ठेवायचे, चहा मागवायचा आणि वाट बघायची. लाइट गेली की पलीकडे एकेक लूम थांबत जातो, मिस्त्री हातातला कप खाली ठेवतात आणि नळी कानाला लावतात.